चौथ्या प्रतीचा धूमकेतू सापडत का नाही?

धूमकेतू चौथ्या प्रतीचा आहे असं वाचून माणूस बाहेर पडतो. प्रत म्हणजे आकाशातल्या वस्तूच्या तेजाचं माप; आकडा मोठा तितकं तेज कमी. चौथ्या प्रतीचे तारे त्याला दिसतात, धूमकेतू मात्र सापडत नाही. आकडा खोटा नसतो. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत असतो. धूमकेतूचा तेवढाच प्रकाश कधी कधी चंद्रबिंबाएवढ्या जागेवर पसरलेला असतो. बायनॉक्युलर त्याच प्रतीच्या ताऱ्यावर धरून फोकसचं चाक हळूहळू फिरवून पाहा. बिंदूची चकती होते, ती फुगत जाते आणि शेवटी आकाशाच्या उजेडात विरते. मुरलेले निरीक्षक धूमकेतूची प्रत याच युक्तीने ठरवतात: ओळखीचा तारा धूमकेतूएवढा धूसर करायचा आणि तुलना करायची.

त्यामुळे प्रतीइतकीच वेळ आणि दिशाही महत्त्वाची. सूर्याजवळ आल्यावर धूमकेतूच्या बर्फाचा वायू होतो, त्याबरोबर धूळ उडते आणि तो उजळतो. पण बहुतेकदा तेव्हाच तो आकाशातही सूर्याला चिकटून असतो, म्हणजे पहाटे पूर्वेला नाहीतर संध्याकाळी पश्चिमेला, अगदी खाली. घाई केली तर संधिप्रकाश त्याला गिळतो, रेंगाळलं तर तो मावळतो. साधारणपणे सूर्यास्तानंतर ४५ मिनिटांपासून सव्वा तासापर्यंतचा वेळ हातात असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू रोज संध्याकाळी थोडा वर सरकत होता आणि त्याच वेळी त्याचं तेज कमीही होत होतं. क्षितिज मोकळं नसलेल्यांचे उजळ दिवस हुकले.

हात ताठ करून वळलेली मूठ सुमारे १० अंश भरते. नकाशात धूमकेतू क्षितिजापासून ८ अंशांवर असेल तर तो मुठीच्याही खाली आहे, समोरची इमारत त्याला सहज झाकेल. ७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये) उत्तम. मोठ्या वर्धनाच्या दुर्बिणीत आकाशाचा इतका छोटा तुकडा मावतो की शेपूट बाहेरच राहतं. बायनॉक्युलर क्षितिजाला समांतर फिरवत, एकमेकांवर थोडे चढणारे पट्टे घेत वर जा. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर डोळ्याला लावू नका, आणि पहाटे तो उगवण्याआधीच खाली ठेवा. डोळा कायमचा जाऊ शकतो.

शेपूट सूर्याच्या उलट दिशेला असतं. म्हणून संध्याकाळी उजळ टोक खाली आणि फराटा वर. विमानाचा धूरही मावळतीच्या उजेडात हुबेहूब तसाच चमकतो. पाच मिनिटं थांबा. धूर सरकतो, विसविशीत होतो. धूमकेतू उल्केसारखा सुसाट जात नाही, तो ताऱ्यांबरोबर संथपणे मावळतो.

जागा सापडल्यावर थेट रोखून न पाहता नजर जराशी बाजूला ठेवा. डोळ्याच्या कडेच्या पेशींना मंद उजेड जास्त जाणवतो, आणि मघाशी दोन अंशांचं वाटलेलं शेपूट लांबत जातं.