शुद्धिहारक वाफा व श्वसनमार्गातील पक्ष्माभिका

हॅलोथेन, आयसोफ्ल्युरेन, सेव्होफ्ल्युरेन यांसारखी हुंगवून द्यावयाची शुद्धिहारके (भूल देणारी द्रव्ये) श्वासनाल व श्वासनलिकांच्या अस्तरावरील पक्ष्माभिकांचे (सूक्ष्म केसांसारख्या वाढींचे) स्पंदन मंदावतात. परिणाम मात्रेगणिक वाढतो आणि वाफ थांबवल्यावर बहुधा ओसरतो.

अस्तरातील अशा प्रत्येक पेशीवर सु. 200 पक्ष्माभिका असतात. त्या सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा हलतात : घशाच्या दिशेने ताठ फटकारा, परतताना वाकून. त्यावर तरंगणारा कफ मिनिटाला काही मिमी. वर सरकतो आणि नकळत गिळला जातो.

निरीक्षण जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शरीरक्रियाविज्ञ क्लोद बेर्नार यांनी बेडकाच्या अन्ननलिकेच्या अस्तरावर ईथरची वाफ सोडली. पक्ष्माभिका थबकल्या आणि वाफ हटताच पुन्हा हलू लागल्या. लाजाळूची पानेही ईथरने मिटेनाशी होतात. यावरून भूल केवळ मज्जासंस्थेला नव्हे, तर सजीव द्रव्यमात्राला चढते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हाच धागा पुढे सूक्ष्मनलिकांच्या (पेशीला आकार व आधार देणाऱ्या प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) वादात गुंतला. ॲलिसन व नन या संशोधकांनी 1968 मध्ये ॲक्टिनोस्फेरियम या एकपेशीय जीवावर हॅलोथेनचा प्रयोग केला. त्याचे किरणांसारखे पाद आखडले. पादांना आधार देणाऱ्या सूक्ष्मनलिका विस्कटणे हेच भुलेचे मूळ असावे, अशी कल्पना त्यातून निघाली. पक्ष्माभिकेच्या गाभ्यातही सूक्ष्मनलिकाच असतात (परिघावर नऊ जोड्या, मध्ये दोन), म्हणून ही कल्पना इथे लागू करण्याचा मोह स्वाभाविक होता. परंतु पक्ष्माभिकेतील या नलिका बऱ्याच चिवट असतात. शिवाय रचना कायमची मोडली असती, तर वाफ जाताच गती इतक्या सहज परतली नसती. टेट्राहायमिना या पक्ष्माभिकायुक्त जीवाचा पोहण्याचा वेगही वाफेने घटतो, असे 1974 मध्ये दिसले, तेही मंदावणेच. त्यामुळे दोष सांगाड्यापेक्षा त्याला हलवणाऱ्या डायनिन या प्रथिनाच्या नियंत्रणात, म्हणजे पेशीतील कॅल्शियम व संदेशवाहक रेणूंत, शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

द्रव्यांची तुलना बव्हंशी प्रयोगशाळेतील पेशींवरून झाली आहे. तीत हॅलोथेन अधिक बाधक, सेव्होफ्ल्युरेन सौम्य ठरते. तरीही 2006 मध्ये रुग्णांच्या श्वासनलिकेत मिथिलीन ब्लू या निळ्या रंजकाचा थेंब ठेवून तो किती सरकतो हे मोजले, तेव्हा शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉल या शुद्धिहारकापेक्षा सेव्होफ्ल्युरेनखाली कफाची गती कमी आढळली.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत वाफेचा वाटा वेगळा काढणे अवघड असते. सिलिंडरमधील कोरडा थंड वायू, श्वासनालात घातलेल्या नळीचा फुगा, स्राव सुकवणारे ॲट्रोपीन हे औषध आणि दुखऱ्या पोटामुळे दबलेला खोकला ही सारी कफ साचण्याची कारणे होत. यांपैकी कोरडेपणावर उपाय सोपा आहे : नळीच्या तोंडाशी बसवलेला फिल्टर उच्छ्वासातील ओलावा धरून पुढच्या श्वासाला परत देतो.