खुर्च्यांचं कापड न्यायला येण्याआधी

"सहा खुर्च्यांना एक मीटर द्या." दिवाळी जवळ आली की दुकानात हे रोज ऐकतो. हिशेब असा असतो: बैठक १८ बाय १८ इंच, कापडाचा पन्हा ५४ इंच, एका ओळीत तीन, दोन ओळींत सहा, ३६ इंचांत काम फत्ते. फक्त फोमची जाडी आणि खाली दुमडायचं कापड त्यात धरायचं राहून जातं.

फोम दोन इंची असेल तर प्रत्येक बाजूला दोन इंच कापड खाली उतरतं, आणि प्लायखाली (बैठकीच्या लाकडी फळीखाली) पकडायला आणखी दोन लागतं. म्हणजे १८ चे झाले २६. आता पन्ह्यात तीन नाही, दोनच बसतात. सहा खुर्च्यांना ७८ इंच, जेमतेम दोन मीटर. आम्ही सव्वादोन सांगतो. मोठी फुलं असतील तर त्याहून जास्त, कारण फूल प्रत्येक बैठकीवर मधोमध यायला हवं.

दुकानदार कापड गळ्यात मारतोय, असं काहींना वाटतं. पण कमी पडलं म्हणून महिन्याने याल तेव्हा तो तागा संपलेला असतो, आणि नव्या ताग्याचा रंग थोडा तरी हलतोच. फाडलेलं कापड परत घेता येत नाही, म्हणून आधीच इतकं विचारतो.

खरं तर माप आणूच नका, बैठक आणा. डायनिंगच्या खुर्चीची बैठक बहुधा खालून चार स्क्रूंवर असते. नाशकात पंचवटीहून या की सिडकोहून, पिशवीत घालून आणता येते. जुनं कापड काढलं असेल तर फेकू नका, कापायला तोच साचा. फोम इथेच मापाने कापून देतो. रोजच्या वापराला ४० डेन्सिटीचा (म्हणजे घनतेचा) फोम घ्या. ३२ स्वस्त पडतो, पण लवकर दबतो. (डेन्सिटी जास्त म्हणजे फोम कडकच, असं नाही. हात लावून बघा.)

कापड घरी बसवणार असाल तर गनने पिना (स्टेपल) मारताना आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक, मग कोपऱ्यांकडे सरका. कोपरे शेवटी, नाहीतर चुण्या पडतात. १२ एमएमच्या प्लायला ८ एमएमची पिन पुरते.

वाड्यातल्या सागवानी खुर्च्या, आत काथ्या आणि स्प्रिंगा असलेल्या, पहिल्याच खेपेला उसवू नका. स्प्रिंगा सुतळीने एकसारख्या ताणून बांधणं हे सरावाचं काम आहे. त्या आमच्या कारागिराला दाखवा, बघण्याचे पैसे नाहीत. साध्या बैठकी मात्र घरी खुशाल करा. पिनांची गन अनामत ठेवून दोन दिवस नेता येते.