कृष्णकमळाचा ताणा मध्येच उलटा का फिरतो?

श्रावण लागला की कृष्णकमळाच्या फोटोखाली तोच मजकूर फिरायला लागतो: बाहेरचे शंभर कौरव, आत पाच पांडव, वर ब्रह्मा-विष्णू-महेश. आपण बागेत लावतो ती ही वेल मूळची अमेरिका खंडातली, त्यामुळे महाभारताशी तिचा संबंध जोडणं अवघडच. तिकडे गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी याच फुलात येशूच्या पाच जखमा, तीन खिळे आणि काटेरी मुकुट पाहिला होता. पाच परागकोश आणि तीन कुक्षी कुणाच्याही कथेत बसतात. बाहेरचे जांभळे तंतू एकदा मोजून बघा, शंभरच भरतील असं नाही. फुलाचं एवढं कौतुक होतं, पण त्याच पेरातून, पानाच्या बगलेतून निघणाऱ्या ताण्याकडे, म्हणजे आधार पकडणाऱ्या बारीक तंतूकडे, मात्र कुणी बघत नाही.

ताणा स्पर्शाला वळतो, हे शाळेत शिकलेलं असतं. तो किती हळवा असतो, हे डार्विनने मोजलं. वेलींवरचा त्याचा निबंध १८६५ चा. कृष्णकमळाच्या एका भाऊबंद जातीचा ताणा स्पर्शानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत वळू लागला. जेमतेम २ मिलिग्रॅम वजनाचा दोऱ्याचा फासही त्याला पुरला. पावसाच्या थेंबांना मात्र तो दाद देत नाही.

आधार हाती लागला की पुढचा खेळ सुरू होतो. टोकाने तार धरलेली, बुंधा खोडाला जोडलेला, आणि मधला सरळ भाग आता गुंडाळू लागतो. दोन्ही टोकं बांधलेल्या दोरीला तुम्ही फक्त एकाच दिशेने वेटोळी घालू शकत नाही. प्रत्येक वेटोळ्यागणिक एक पीळ साचतो आणि तो पीळ सोडायला एकही टोक मोकळं नसतं. ताणा यावर साधा तोडगा काढतो: अर्धी वेटोळी डावी, अर्धी उजवी, मध्ये छोटासा सरळ तुकडा. एकूण पीळ शून्य. जुन्या टेलिफोनच्या वायरीत मध्येच दिशा बदलायची, तसंच. वेलीवरचा आधार पकडलेला ताणा घ्या आणि त्यावरून बोट फिरवा, दिशा बदलते ती जागा सापडेल. ज्याला काहीच सापडलं नाही तो ताणा एकाच दिशेने गुंडाळतो, कारण त्याचं टोक सुटं असतं.

हे बळ येतं कुठून? काकडीच्या ताण्यावर हार्वर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये काम केलं. ताण्याच्या आत तंतुपेशींची दोन थरांची पट्टी असते. आतल्या थरात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, जास्त. पाणी कमी झालं की तो थर जास्त आकसतो आणि पट्टी वाकते. जून ताण्याची टोकं ओढली, तर वेटोळी सुटण्याऐवजी आधी वाढतात! त्यामुळे स्प्रिंग हलक्या झोक्याला मऊ आणि जोराच्या ओढीला ताठ राहते. पावसाळी वाऱ्यात वेल तुटत नाही ती यामुळे. बाइंडिंग वायरने आवळून बांधलेली फांदी मात्र नेमकी गाठीपाशी मोडते.

म्हणून आधार ताण्याच्या मापाचा हवा. ५ सेंटिमीटर जाडीच्या बांबूचा घेर जवळपास १६ सेंटिमीटर होतो. तेवढा वेढा घालायला ताणा पुरत नाही. गुळगुळीत गिलाव्यावर तर त्याला धरायलाच काही नसतं. २ ते ३ मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार किंवा काथ्याची दोरी घ्या, १० ते १५ सेंटिमीटरच्या चौकटी करा आणि जाळी भिंतीपासून ५ ते ८ सेंटिमीटर पुढे ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते आणि ताण्याला वळसा घालायला जागा मिळते. रोप जाळीला लागेपर्यंत सुतळीची सैल गाठ पुरे. नंतर ती कापून टाका. वेल हलवायची असेल तर जून ताणे उलगडत बसू नका, ते सुटत नाहीत. कात्री लावा. संक्रांतवेलीलाही ताणे असतात, तिलाही हीच जाळी चालते. बोगनवेलीला ताणे नाहीत, ती बांधावीच लागते.

कुंडी १६ इंची, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाडी वाळू. ऊन पाच-सहा तास. फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून फेब्रुवारीत छाटणी. युरिया घातला की पानं आणि ताणे भरपूर, कळ्या नाहीत. सावलीतही तेच. जूनमध्ये तीन-चार पेरांची, अर्धवट जून काडी लावली तर सहज फुटते.

तांबूस, काटेरी अळ्या दिसल्या तर त्या बहुधा टॉनी कॉस्टर फुलपाखराच्या. मोठी वेल त्या पचवते आणि पुन्हा फुटते. कोवळ्या रोपावरच्या काडीने उचलून दुसऱ्या मोठ्या वेलीवर सोडा. पिठ्या ढेकूण आला तरच लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंब तेल आणि साबणाचे दोन थेंब, तेही संध्याकाळी.