जाहिरात लावणं आणि जाहिरात वाजवणं

गौरी-गणपती विसर्जनाच्या दिवशी दुपारी स्टुडिओतला फोन वाजला. पलीकडे आमचे एक जाहिरातदार, मखरं विकणारे. “ताई, बाप्पा निघाले पाण्यात. आता उरलेल्या मखरात मी स्वतः जाऊन बसू काय?” त्यांची जाहिरात त्या दिवशी सकाळपासून तीनदा वाजली होती. मी संगणक उघडून पाहिलं तर त्यांची ऑर्डर आदल्या रात्री नऊ वाजताच बंद झालेली. मीच बंद केली होती. एका पडद्यावर जाहिरात नाही आणि रेडिओवर मात्र आहे!

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा कम्युनिटी रेडिओवर मी जाहिरातींचं काम बघते. येणारा प्रत्येक जण विचारतो, “आता सगळं सॉफ्टवेअरच आपोआप लावतं ना?” लावतं. पण त्या ‘आपोआप’मागे दोन वेगळी सॉफ्टवेअरं असतात आणि ती एकच आहेत असं धरून चाललं की मखरासारखी कोडी सुटत नाहीत. जाहिरात कुठे बसवायची हे ठरवणाऱ्याला आमच्या धंद्यात ट्रॅफिक म्हणतात. ठरलेलं प्रत्यक्ष हवेत सोडणाऱ्याला ऑटोमेशन, किंवा टीव्हीवाल्यांच्या भाषेत प्लेआउट. ट्रॅफिक या शब्दाने बरेच जण फसतात. त्याचा रस्त्यावरच्या कोंडीशी संबंध नाही. एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक असतो, त्याच्या कामाशी थोडाफार आहे.

आधी ट्रॅफिक, कारण खरी डोकेफोड तिथे आहे.

समजा, एका काजू कारखान्याची ऑर्डर आली: २० सेकंदांची जाहिरात, रोज ५ वेळा, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, १५ दिवस. म्हणजे ७५ स्पॉट (जाहिरात एकदा वाजणं म्हणजे एक स्पॉट), एकूण १,५०० सेकंद, २५ मिनिटं. ही ऑर्डर एकटीच असती तर वहीत लिहूनही भागलं असतं. पण त्याच सकाळी एका सोनाराला बाजारभावाच्या अगदी आधीची जागा हवी असते, बर्फाच्या कारखान्याला मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचा आठवडा हवा असतो आणि एखादा दुकानदार म्हणतो, “दिवसात कधीही वाजवा, पण दहा वेळा वाजवा.” जागा तर मोजकी. कम्युनिटी रेडिओला पूर्वी तासाला ७ मिनिटं जाहिरातींची मुभा होती; २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी ती १२ मिनिटं केली. टीव्हीलाही केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ प्रमाणे तासाला १२ मिनिटांचीच मर्यादा आहे. त्यात १० मिनिटं जाहिरातींची आणि २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीची. बारा मिनिटं म्हणजे ७२० सेकंद. तासात चार ब्रेक धरले तर एकेक १८० सेकंदांचा. त्यातले १७० भरले की उरलेल्या १० सेकंदांत आपली २० सेकंदांची काजूची जाहिरात बसत नाही, कितीही कोंबली तरी.

सॉफ्टवेअर हे कसं सोडवतं, ते गावच्या पंगतीवरून चटकन कळतं. पाटावर कोण कुठे बसणार याचे काही मान आधीच ठरलेले असतात. ते पहिले बसतात. तसे वेळ बांधून घेतलेले, जास्त दराचे स्पॉट आधी बसतात. मग ज्यांची अट कडक त्यांचा नंबर: ज्याला फक्त सात ते आठ चालतं तो आधी, ज्याला सात ते दहा चालतं तो नंतर, आणि ‘दिवसभरात कधीही’वाला सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने बसवलं तर कुठेही बसू शकणारा सकाळच्या मोक्याच्या जागा अडवून ठेवतो आणि सातवाल्याला जागाच राहत नाही. शिवाय एकमेकांशी बोलत नसलेली भावकी शेजारी बसवायची नाही. दोन सोनार एका ब्रेकमध्ये नकोत. एकाच दुकानाची जाहिरात दोन ब्रेकमध्ये लागोपाठ नको. आज ८ वाजून १० मिनिटांनी वाजली तर उद्या वेगळ्या वेळी वाजावी, नाहीतर सकाळी त्याच वेळेला रेडिओ लावणारी माणसंच ती पंधरा दिवस ऐकत राहतील. आणि एका ग्राहकाच्या तीन वेगवेगळ्या जाहिराती असतील तर त्या आलटून पालटून.

इतकं करूनही काही उरतातच. चांगलं ट्रॅफिक सॉफ्टवेअर उरलेल्यांची यादी समोर ठेवतं: या आठ स्पॉटना जागा मिळाली नाही, यांचं काय करायचं ते सांगा. कमी दराची एखादी बसलेली जाहिरात उठवून तिथे जास्त दराची बसवायची सोयही बहुतेकांत असते. ती सोय मी बंद ठेवते. मोठ्या शहरात चालत असेल. इथे उठवलेला दुकानदार संध्याकाळी बाजारात समोर येतो.

भावकी ओळखायची कशी, हे मात्र सॉफ्टवेअरला आपण सांगावं लागतं. प्रत्येक ऑर्डरला धंद्याचा प्रकार लिहायचा एक रकाना असतो आणि सगळी हुशारी त्या रकान्यावर चालते. एका मे महिन्यात आमच्याकडे आंब्याचा पल्प विकणारे दोघे होते. एकाला आम्ही ‘खाद्यपदार्थ’ लिहिलं, दुसऱ्याला ‘शेती उत्पादन’. सॉफ्टवेअरने दोघांना गुण्यागोविंदाने शेजारी शेजारी बसवलं. दोघांचेही फोन आले. वेगवेगळ्या वेळी आले हीच काय ती सोय.

या सगळ्यातून जे बाहेर पडतं तो उद्याचा लॉग. त्यातल्या एकेका ओळीत वेळ, जाहिरातीचा क्रमांक, नाव आणि लांबी. इथे ट्रॅफिकचं काम संपतं. ट्रॅफिकने आवाजाची फाइल ऐकलेलीसुद्धा नसते.

ऑटोमेशनचं नेमकं उलटं. त्याला सोनार कळत नाही, भावकी कळत नाही, दर तर मुळीच नाही. त्याला कळतो क्रमांक आणि सेकंद. लॉगमधली ओळ आली की त्या क्रमांकाची फाइल उचलायची, मागचं संपत आलं की हे सुरू करायचं. फाइल नसेल तर ओळ गाळून पुढे जायचं. त्याचा एकच मोठा पेच असतो तो घड्याळाचा. आठच्या बातम्या आठलाच लागल्या पाहिजेत आणि त्याआधीची मुलाखत तर लांबलीय, मग काय करायचं? रिव्हेंडेल हे लिनक्सवर चालणारं मुक्त स्रोत रेडिओ सॉफ्टवेअर आहे. त्यात वेळ बांधलेल्या ओळीला याबद्दल आधीच सांगून ठेवता येतं: वेळ झाली की चालू असलेलं तोडून लगेच सुरू हो, किंवा चालू असलेलं संपलं की पुढचा नंबर तुझा. मधे जे राहून गेलं ते राहिलं. मुलाखत चार मिनिटं लांबली तर पावणेआठच्या ब्रेकमधला बर्फवाला असाच गळतो. ट्रॅफिकच्या पडद्यावर मात्र तो अजून ७.४८ला बसलेला दिसतो.

रिव्हेंडेल स्वतः जाहिरातींची जुळवाजुळव करत नाही. त्यात आठवड्याच्या १६८ तासांचा एक तक्ता असतो. प्रत्येक तासाला एक ‘क्लॉक’ नेमून द्यायचं, म्हणजे त्या तासाचा साचा: इथे गाणं, इथे ब्रेक, इथे बातम्या. ब्रेकच्या खिडकीत काय पडायचं ते बाहेरच्या ट्रॅफिक सॉफ्टवेअरकडून साध्या मजकुराच्या फाइलने येतं. ती फाइल रिव्हेंडेल अक्षरं मोजून वाचतं: इतक्याव्या अक्षरापासून इतकी अक्षरं म्हणजे क्रमांक, पुढची इतकी म्हणजे नाव. मधे एक जागा जास्त पडली की क्रमांक सरकतो आणि काजूच्या जागी कोण वाजेल याचा नेम नाही. दोन्ही सॉफ्टवेअरं आपापल्या जागी बरोबर असूनही चूक होते ती बहुतेक वेळा या फाइलीच्या उंबरठ्यावर.

मखरांचंही तेच झालं होतं. ती ऑर्डर त्यांच्या मुंबईच्या भाच्याने दिलेली, अनंत चतुर्दशीपर्यंत. त्याच्या डोळ्यासमोर मुंबईचे सार्वजनिक गणपती. इकडे घरोघरचे बाप्पा बहुतेक गौरींबरोबर जातात. दुकानदारांच्या हे लक्षात आलं ते विसर्जनाच्या आदल्या रात्री. मी नऊ वाजता तारीख मागे घेतली. पण दुसऱ्या दिवसाचा लॉग आम्ही रोज संध्याकाळी सहाला ऑटोमेशनकडे पाठवतो. तो गेलेला होता. तारीख बदलल्यावर लॉग पुन्हा काढून पुन्हा पाठवायचा, हे मी सणाच्या गडबडीत विसरले. ऑटोमेशनने हातात आलेला कागद वाचला, बस्स.

हा फरक संगणकाने आणला असं मात्र नाही. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७पासून मुंबई, पुणे, नागपूरहून जाहिराती वाजू लागल्या, तेव्हाही काय वाजवायचं याचा कागद वेगळा आणि काय वाजलं याचा वेगळा होता. आकाशवाणीत कार्यक्रमाची क्यू शीट, म्हणजे काय कधी वाजवायचं याचा कागद, आधी तयार असते आणि ड्युटी ऑफिसर प्रसारण चालू असताना आपला अहवाल लिहीत जातो. रत्नागिरी केंद्र १९७७चं. आमच्याकडच्या जुन्या माणसांना जाहिरातींचं हे गणित समजावताना मी सॉफ्टवेअरचं नाव न घेता याच दोन कागदांची आठवण देते. लगेच कळतं.

ज्यांना तेही माहीत नाही त्यांच्यासाठी कोकण रेल्वे आहे. छापील वेळापत्रक एक माणूस करतो, पावसाळ्याचं वेगळं, वेग कमी धरून. पण एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की कोणाला कुठल्या स्टेशनात बाजूला थांबवायचं हे त्या क्षणी कंट्रोलमधला माणूस ठरवतो. वेळापत्रक करणाऱ्याला तुमची गाडी चिपळूणला का थांबलीय ते विचारून उपयोग नाही.

गाडी थांबली की निदान प्रवाशाला दिसते. न वाजलेली जाहिरात कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून ऑटोमेशन आपण काय काय वाजवलं याची स्वतःची नोंद ठेवतं, सेकंदासकट. ही नोंद उलट्या दिशेने ट्रॅफिककडे परत जाते आणि तिथे ठरलेलं व वाजलेलं समोरासमोर ठेवतात. जुळलं ते बिलात. गळलं त्याची भरपाई पुढे कुठेतरी दुसरी जागा देऊन. जाहिरातदाराला जो दाखला द्यायचा तो या वाजलेल्या नोंदीवरून द्यावा, लॉगवरून नव्हे. काही ठिकाणी घाईत ट्रॅफिकचाच लॉग छापून दाखला म्हणून देतात. मला ते पटत नाही. वीज गेलेल्या संध्याकाळीसुद्धा त्या कागदावर सगळं वाजलेलं असतं, आणि कोकणात जूनमधल्या संध्याकाळी वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

म्हणून जाहिरातदाराने आमच्यासारख्यांना विचारताना प्रश्न वेगळा करून विचारावा. “माझी जाहिरात त्या दुसऱ्याच्या शेजारी का?”, “सगळ्या दुपारीच का पडल्या?”, “दहातल्या आठच का दिसतात?” हे ट्रॅफिकचे प्रश्न, ते ऑर्डर उघडून सुटतात. “अर्ध्यात तुटली”, “दोनदा लागोपाठ वाजली”, “मागच्या वर्षीची जुनी वाजली” हे ऑटोमेशनकडचे. त्यांना वाजलेली नोंद आणि फाइलींचा कप्पा बघावा लागतो. त्यातही जुनी जाहिरात वाजणं फसवं. पुष्कळदा ऑर्डर नवी असते, क्रमांक तोच ठेवलेला असतो आणि त्या क्रमांकाखालची आवाजाची फाइल बदलायची राहिलेली असते.

दुसऱ्या दिवशी नोंदी जुळवायला बसले तेव्हा मखरांच्या तिन्ही ओळी ट्रॅफिकच्या पडद्यावर वेगळ्या निघाल्या. वाजल्या आहेत, ऑर्डर नाही. बिलात धरल्या नाहीत. दुकानदारांना फोन करून तसं सांगितलं, तर ते म्हणाले, “नको धरू, पण बंदही करू नको. दोन मखरं गेली काल. माघी गणपतीला लागतील म्हणून घेऊन गेले.”