हार घातलेला फोटो नको

१० सप्टेंबर जवळ आला की कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर एक स्पर्धा हमखास लागते. जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन, विषय तोच, पोस्टर आणि लघुपट. हल्ली त्यात ॲनिमेशनचाही गट असतो. मोबाइलवरसुद्धा चित्रं हलवता येतात, नट गोळा करावे लागत नाहीत आणि घरात शूटिंगची परवानगी मागावी लागत नाही, म्हणून मुलं तिकडे वळतात. अशा काही स्पर्धांच्या प्रवेशिका पाहायचा योग मला आला. बहुतेकांची गोष्ट एकच होती. मार्कशीट, संतापलेले बाबा, लावून घेतलेलं दार, काळा पडदा आणि मग भिंतीवर हार घातलेला फोटो. खाली आई रडतेय, बाबांच्या हातात मुलाची जुनी चित्रकलेची वही आहे. सनई-व्हायोलिन चढत जातं, सभागृहात रुमाल निघतात, आणि परीक्षक पहिलं बक्षीस देऊन मोकळे होतात.

करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण शेवटच्या रांगेत बसलेली, महिनाभर धड झोप न लागलेली एखादी मुलगी या फिल्ममधून काय घेऊन जाते? जिवंतपणी कुणी ऐकलं नाही, गेल्यावर सगळ्यांनी ऐकलं. बाबांना वही सापडली, पश्चात्ताप झाला. म्हणजे फिल्मने नकळत मृत्यूलाच संवादाचं साधन करून टाकलं.

आपल्याकडे हा प्रश्न नुसता कलेचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. दोन्ही बाबतींत महाराष्ट्र राज्यांच्या यादीत सर्वांत वर आहे.

गोष्टीचा शेवट जीव घेऊ शकतो, ही शंका जुनी आहे. १७७४ मध्ये गटे या जर्मन लेखकाची तरुण वेर्थरची कादंबरी आली. शेवटी आत्महत्या करणाऱ्या तिच्या नायकाचं अनुकरण होतंय या भीतीने काही ठिकाणी तिच्यावर बंदीही आली. बरोबर २०० वर्षांनी, १९७४ मध्ये, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने ही शंका आकड्यांनी तपासली. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी झळकली की त्यानंतर आत्महत्यांचा आकडा अपेक्षेपेक्षा वाढलेला दिसे. प्रसिद्धी जितकी जास्त, तितकी वाढ जास्त. याला त्याने ‘वेर्थर परिणाम’ म्हटलं.

मग याबद्दल गप्पच बसावं का? तसंही नाही. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या थॉमस नीडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या पहिल्या सहा महिन्यांतल्या ऑस्ट्रियन वृत्तपत्रांतल्या ४९७ बातम्या तपासल्या. त्यांत एक छोटा गट वेगळा निघाला. मनात असे विचार येऊनही त्या काळातून तरून गेलेल्या माणसांच्या बातम्या तो गट सांगत होता. अशा बातम्यांनंतर आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. पण परिणामाला नाव मिळालं, ‘पापागेनो’. मोझार्टच्या १७९१ च्या ऑपेरातला हा पक्षी पकडणारा गडी प्रेयसी कायमची गेली या समजुतीने पार खचतो. तेव्हा तीन मुलं येतात. ती त्याला ‘आयुष्य सुंदर आहे’ असलं काही ऐकवत नाहीत. तुझ्याकडे त्या जादूच्या घंट्या आहेत ना, त्या वाजव की, एवढीच आठवण करून देतात. घंट्या आधीपासून त्याच्याजवळच असतात.

आता या लेखाच्या मुद्द्यावर येतो. वेर्थर आणि पापागेनो या दोन्हींमागची यंत्रणा बहुधा एकच आहे. आपण दुसऱ्याला पाहून शिकतो, आणि तो दुसरा जितका आपल्यासारखा वाटतो तितकं जास्त शिकतो, हे अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या पठडीतल्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. वय, परिस्थिती, बोलण्याची ढब जुळली की ‘हा तर मीच’ असं होतं. साधर्म्य ही दुधारी सुरी आहे. पात्र बुडालं तर बघणाऱ्यालाही खाली ओढेल, तरलं तर हात देईल.

त्यातही एक बारकावा आहे. १९७० च्या दशकात सापाला घाबरणाऱ्या लोकांवर प्रयोग झाले. एका गटाला बिनधास्त साप हाताळणारा माणूस दाखवला. दुसऱ्या गटाला दाखवलेला माणूस आधी घाबरला, मागे सरकला, स्वतःशी पुटपुटला आणि मग हळूहळू पुढे गेला. बघणाऱ्यांची भीती जास्त कमी झाली ती या दुसऱ्याला पाहून. म्हणजे पहिल्या दृश्यात उदास आणि दुसऱ्यात गच्चीवर हात पसरून सूर्योदय पाहणारं पात्र फारसं उपयोगाचं नाही. अडखळत सावरणारं पात्र हवं.

ॲनिमेशनची गंमत इथे सुरू होते. कॅमेऱ्याने शूट केलेल्या फिल्ममध्ये साधर्म्य आणि तपशील हातात हात घालून येतात. खरी खोली घेतली की खोलीतल्या सगळ्या वस्तू आल्या. कॅमेरा न मागितलेलंही टिपतो, आणि नको ते तपशील अनुकरणाला वाट दाखवतात. ॲनिमेशनमध्ये मात्र कुणीतरी काढल्याशिवाय पडद्यावर काहीही येत नाही. धोक्याचा तपशील हवा असेल तर तो बसून, हाताने काढावा लागतो. त्यामुळे साधर्म्याचं बटण वर आणि तपशिलाचं खाली, असं दोन्ही वेगवेगळं फिरवता येतं.

पण चेहरा, घर, कपडे सगळं काढून घेतलं तर साधर्म्य उरतं का? उत्तर १९४४ मध्येच मिळालं आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी एक छोटी ॲनिमेशन फिल्म केली. त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट, एवढंच. डोळे नाहीत, आवाज नाही. ३४ प्रेक्षकांना ‘काय दिसलं ते लिहा’ असं सांगितलं. भूमितीच्या भाषेत जवळपास एकानेच लिहिलं. बाकीच्यांना दादागिरी करणारा मोठा त्रिकोण, घाबरलेलं वर्तुळ, पळून जाणारी जोडी असं दिसलं. आपला मेंदू हालचालीतून मन वाचतो. वेग, दिशा, थांबणं, दचकणं एवढ्यावर त्याचं भागतं, चेहरा ही चैन आहे. जातीचा, शहराचा, कॉन्व्हेंट की झेडपी याचा शिक्काही वर्तुळावर नसतो, त्यामुळे त्यात कुणालाही स्वतःला ठेवता येतं.

मला आवडलेली एक विद्यार्थी-फिल्म अशीच होती. वसतिगृहातल्या दुमजली पलंगावर एक करडा गोळा, आणि खालच्या पलंगावर दुसरा, जरा पिवळसर. करड्या गोळ्याची कड सतत थरथरत होती. ही साधी युक्ती आहे, तेच चित्र तीन वेळा गिरवायचं आणि आलटून पालटून दाखवायचं. हात किंचित चुकतो, रेघ उकळल्यासारखी दिसते. धंद्यात याला ‘लाइन बॉइल’ म्हणतात. पिवळा गोळा विचारतो, ‘तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?’ मग ३६ फ्रेम काहीच घडत नाही. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दीड सेकंद. त्या दीड सेकंदात पिवळा जागचा हलत नाही, विषय बदलत नाही, सल्ला देत नाही. करडा म्हणतो, ‘हो.’ पुढे दोघं समुपदेशकाच्या दारापर्यंत जातात. तिथे पोचल्यावर रेघ थरथरायची पूर्ण थांबत नाही, थोडी मंदावते. करणाऱ्या मुलीने सापाच्या प्रयोगाचं नावही ऐकलं नसेल, पण नेमकं तेच केलं होतं.

‘असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात नाही का शिरणार?’ हा प्रश्न प्राध्यापक हमखास विचारतात. २००५ मध्ये मॅडलिन गुल्ड यांच्या गटाने न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं. निम्म्यांना पाहणीत असा थेट प्रश्न होता, निम्म्यांना नव्हता. विचारलेल्या गटाची अस्वस्थता न विचारलेल्यांपेक्षा वाढलेली दिसली नाही. ज्यांना आधीच धोका होता त्यांची तर थोडी कमी झालेली दिसली.

आता थोडा किचकट भाग, पण सोडवत नाही. शाळेत काय केलं की मुलांचे आत्महत्येचे प्रयत्न कमी होतात, हे एका मोठ्या अभ्यासाने पाहिलं. युरोपातल्या १० देशांतल्या १६८ शाळा आणि सुमारे ११,००० मुलं, सरासरी वय १५. कुठल्या शाळेत काय करायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. एका गटात शिक्षकांना प्रशिक्षण, दुसऱ्यात धोक्यातली मुलं ओळखण्यासाठी तज्ज्ञांकडून चाळणी, तिसऱ्यात ‘याम’ नावाचा कार्यक्रम, आणि चौथ्या, तुलनेच्या गटात वर्गात नुसती पोस्टरं. यामच्या पाच तासांपैकी तीन तास मुलं स्वतः प्रसंग रचून वठवत. तीन महिन्यांनी कुठल्याच गटात ठोस फरक नव्हता. वर्षाने मात्र पोस्टरवाल्या गटात १.५१ टक्के मुलांकडून प्रयत्न झाल्याची नोंद होती, यामच्या गटात ०.७० टक्के. शिक्षक-प्रशिक्षण आणि चाळणीचे निकाल तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय वेगळे नव्हते. हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली आला. यामच्या वर्गातही तीच पोस्टरं लावली होती, म्हणून फरकाचं श्रेय भिंतीला देता येत नाही.

नाटुकलं वठवणं आणि ॲनिमेशन करणं एक नव्हे, तेव्हा पुढचा दुवा माझा तर्क समजावा. एका मिनिटाच्या फिल्मला, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी, ७२० चित्रं लागतात. मित्राने कसं विचारायचं, मान किती वळवायची, किती वेळ थांबायचं, हे मुलं आठवडेच्या आठवडे गिरवत बसतात. अशा फिल्मचा सर्वाधिक लाभ प्रेक्षकांपेक्षा करणाऱ्या चमूलाच होत असावा, असं मला वाटतं. म्हणूनच एआयला चार ओळी टाइप करून दहा मिनिटांत ‘जागृती व्हिडिओ’ काढण्याचं जे कौतुक चाललंय ते मला कळत नाही. फिल्म मिळते, सराव बुडतो. आणि जाता जाता एक. एका प्रवेशिकेत आजी दृष्ट काढते आणि मुलगा हसायला लागतो. आजीची माया खरी, पण मीठमोहरीने नैराश्य उतरत नाही. त्याला डॉक्टर लागतो.

कॅलिफोर्नियात ‘डायरेक्टिंग चेंज’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २०१२ पासून आहे, फिल्म ६० सेकंदांच्या, ॲनिमेशनचाही गट. तिथे कृती किंवा साधन दाखवलं तर प्रवेशिका बाद होते आणि मदतीचा मार्ग दाखवावाच लागतो. आपल्याकडे असे नियम सांगू शकणारी माणसं आहेत. पुण्याचं सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी आणि गोव्यात सुरू झालेली संगथ यांचा शहरी तरुणांसाठीचा ‘आउटलिव्ह’ हा उपक्रम त्यातलाच. आयोजकांनी पत्रकातच चार ओळी छापाव्यात. साधन दाखवायचं नाही, चिठ्ठी वाचायची नाही, एकच कारण चिकटवायचं नाही, हार घातलेला फोटो नाही. परीक्षकांत एक मानसोपचारतज्ज्ञ असावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक, जिथे मराठीतही बोलता येतं, पडद्यावर निदान पाच सेकंद, म्हणजे १२० फ्रेम राहिला पाहिजे. बहुतेक फिल्ममध्ये तो श्रेयनामावलीबरोबर सर्रकन निघून जातो. आणि फिल्म संपल्यावर लगेच बक्षीस समारंभ उरकू नये. कॉलेजचा समुपदेशक त्या दिवशी सभागृहातच हवा, आणि तो कुठे बसलाय हे माइकवरून सांगायला हवं.