रापा नुई : उघड्या टेकड्यांमागचा इतिहास

चिलीच्या किनाऱ्यापासून साधारण ३,५०० किलोमीटर पश्चिमेला पॅसिफिक महासागरात रापा नुई हे बेट आहे. डच दर्यावर्दी याकोब रोगेवेन ५ एप्रिल १७२२ला, ईस्टरच्या रविवारी तिथे पोहोचला, म्हणून बाहेरचं जग त्याला ईस्टर आयलंड म्हणतं. क्षेत्रफळ जेमतेम १६४ चौरस किलोमीटर. पोइके, रानो काऊ आणि तेरेवाका या तीन ज्वालामुखींनी घडवलेली ही त्रिकोणी जमीन आज बरीचशी बोडकी, गवताळ दिसते. त्या टेकड्यांकडे बोट दाखवून एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते : पुतळ्यांच्या नादात लोकांनी जंगल तोडलं, मग उपासमार झाली आणि आपसांत लढून ते संपले. ही गोष्ट अर्धवट आहे. ती ज्यांच्या माथी मारली जाते, ते लोक आजही तिथेच राहतात.

इ.स. १२००च्या सुमारास पॉलिनेशियन दर्यावर्दी इथे वसले. होतू मातुआ हा पहिला राजा आनाकेनाच्या किनाऱ्यावर उतरला, असं त्यांची परंपरा सांगते. माडाच्या जातीची दाट झाडी पुढच्या काही शतकांत नाहीशी झाली, हे खरं आहे. त्याला कुऱ्हाड आणि आग कारणीभूत होती, तसेच नौकांतून आलेले आणि झाडांच्या बिया फस्त करणारे उंदीरही. पण लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. ओल टिकावी म्हणून त्यांनी शेतांत दगड अंथरले आणि वाऱ्यापासून बचाव करायला गोल दगडी कुंपणं, म्हणजे मानावाई, रचून आत केळी व तारो (अळूचे कंद) लावले.

बेटावर मोआई, म्हणजे ते भव्य दगडी पुतळे, जवळपास एक हजार आहेत आणि बहुतेक सगळे रानो राराकूच्या खाणीतले. तिथे अर्धवट राहिलेले पुतळे पाहिले की कामाची रीत कळते. तोकीने, म्हणजे बेसाल्ट दगडाच्या हत्याराने, आधी चेहरा, पोट आणि हात कोरायचे. पाठ मात्र एका चिंचोळ्या पट्टीने कातळाला चिकटलेली ठेवायची आणि ती अगदी शेवटी सोडवायची. आहू नावाच्या ओट्यांवर उभे केलेले मोआई बहुधा समुद्राकडे पाठ करून वस्तीकडे पाहतात, कारण ते पूर्वज आहेत. १९७८मध्ये आनाकेनाला पांढऱ्या पोवळ्याचा, तांबड्या दगडाच्या बाहुलीचा एक डोळा सापडला, तेव्हा रिकाम्या खोबणींचा उलगडा झाला.

कुळाकुळांत लढाया झाल्या, मोआई पाडले गेले, हेही नाकारायला नको. पण खरा घाव बाहेरून आला. १८६२-६३मध्ये पेरूच्या गुलाम पकडणाऱ्या जहाजांनी सुमारे १,५०० माणसं पळवली. सरदार गेले, रोंगोरोंगो लिपी वाचू शकणारे गेले. ती लिपी आजतागायत कुणाला वाचता आलेली नाही. जे मोजके परतले, त्यांच्याबरोबर देवीच्या रोगाची साथ आली. १८७७मध्ये बेटावर १११ माणसं उरली. २०२४मध्ये पंधरा जुन्या रापानुई व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची कोणतीही खूण नाही. १८६०च्या दशकापर्यंत ती वाढतच होती.

१८८८मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतलं आणि पुढे जवळजवळ सगळंच्या सगळं मेंढपाळीच्या कंपनीला भाड्याने दिलं. रापानुई लोकांना हांगा रोआ या एका गावात कोंडलं. बाकी बेटावर हजारो मेंढ्या चरल्या. उरलीसुरली झुडपं त्यांनी संपवली. आज दिसणाऱ्या बोडक्या टेकड्यांत या मेंढ्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. कंपनीचा करार १९५३मध्ये संपला, मग नौदलाचा अंमल आला. नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळायला १९६६ उजाडलं.

१९६०च्या त्सुनामीने तोंगारिकी या आहूचे पंधरा मोआई आत जमिनीवर फेकले. १९९०च्या दशकात जपानी क्रेनच्या मदतीने ते पुन्हा उभे राहिले. १९९५मध्ये तिथलं राष्ट्रीय उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं, आणि २०१७पासून त्याचा कारभार माऊ हेनुआ ही रापानुई समाजाची स्वतःची संस्था पाहते. होआ हाकानानाइआ नावाचा मोआई मात्र परत आलेला नाही. ओरोंगोच्या या मोआईच्या पाठीवर पक्षीमानव कोरलेले आहेत. १८६८मध्ये ब्रिटिश युद्धनौकेने तो नेला. २०१८मध्ये रापानुई शिष्टमंडळाने लंडनला जाऊन ब्रिटिश म्युझियमकडे तो मागितला, आणि ती मागणी आजही कायम आहे.