बीटन यांचं १९३८चं रेखाटन: पार्श्वभूमी

इंग्लिश छायाचित्रकार सेसिल बीटन यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं की १९३८चा विषय निघतोच. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका फॅशन मासिकात न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळावर लेख आला. सजावटीची रेखाटनं बीटन यांची होती. त्यांत, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत, ज्यूंना उद्देशून शिवी लिहिलेली होती. एका स्तंभलेखकाने ती चव्हाट्यावर आणली. उरलेले अंक पुन्हा छापावे लागले आणि बीटन यांना मासिकातल्या कामाचा राजीनामा द्यावा लागला. पुढे काही काळ अमेरिकेतलं कामच बंद झालं.

याला खोडसाळपणा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. इतकी बारीक अक्षरं हात घसरून उमटत नाहीत, ती बसून काढावी लागतात. आणि वर्ष कोणतं, तर जर्मनीत ज्यूंचे हक्क तीन वर्षांपूर्वीच काढून घेतलेले.

हल्ली एक समजुतीची मांडणी ऐकू येते: स्वतःचं प्रेम लपवत जगणाऱ्या माणसाची ती कडवट चूक होती. लपवणं खरंच होतं. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध १९६७पर्यंत गुन्हा होते, तेव्हा बीटन ६३ वर्षांचे होते. विल्टशायरमधल्या त्यांच्या ॲशकोम या घरी चित्रकार, कवी, रंगकर्मी जमत, आणि अशा मंडळींना मोकळेपणा मिळायचा तो भिंतींच्या आतच. एका श्रीमंत कलासंग्राहकावर त्यांनी अनेक वर्षं एकतर्फी प्रेम केलं. पण ते दुःख त्या शिवीचं कारण ठरत नाही. त्याच वर्तुळातल्या इतरांनी कुठे असं लिहिलं?

त्यांना सावरलं ते दुसऱ्या महायुद्धाने. लंडनवरच्या बाँबहल्ल्यात जखमी झालेल्या, डोक्याला पट्टी बांधलेल्या चिमुकलीचा त्यांनी काढलेला फोटो सप्टेंबर १९४०मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला. १९४४मध्ये सरकारी कामासाठी ते हिंदुस्थान आणि चीनमध्ये फिरले. मग १९५३मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचे फोटो, १९५८ आणि १९६४च्या चित्रपटांच्या वेशभूषेसाठी ऑस्कर, १९७२मध्ये ‘सर’. जुन्या प्रकरणावर थर चढत गेले.

रोजनिशीचा पहिला खंड त्यांनी १९६१मध्ये काढला, तोही स्वतः कापछाट करून. न कापलेला मजकूर वाचकांपुढे येऊ लागला तो २००२पासून, म्हणजे ते गेल्यानंतर २२ वर्षांनी.